सांध्यांतून हृदयाकडे : झडपांचे विकार आणि चिनी वैद्यक

झडपांचे कार्य

हृदयातील चार झडपा रक्ताला एकाच दिशेने वाहू देतात. झडप अरुंद झाली की रक्त मागे तुंबते. नीट मिटेनाशी झाली की उलट गळते. परिणामी धाप, धडधड आणि पायांवर सूज येते.

चिनी निदानाची चौकट

पारंपरिक चिनी वैद्यकात झडपेचा स्वतंत्र विचार नाही. तेथे हृदय हे रक्त, रक्तवाहिन्या आणि मन यांचे नियामक. निदान लक्षणसमूहावरून होते : श्रमाने लागणारी धाप हा ‘ची’चा, म्हणजे प्राणशक्तीचा क्षय, गार हातपाय व सूज हा ‘यांग’चा, उष्ण तत्त्वाचा क्षय, जांभळी जीभ व निळसर ओठ हे रक्त साकळल्याचे चिन्ह. एकाच झडपेचा विकार असलेल्या दोघांना त्यामुळे वेगळे उपचार मिळू शकतात.

सांध्यांशी नाते

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा चिनी वैद्यकग्रंथ ‘हुआंगदी नेइजिंग’ सांगतो, की वारा, थंडी व ओलावा यांमुळे सांधे आणि वाहिन्या अवरुद्ध होतात. वाहिन्यांतील व्याधी रेंगाळत असता पुन्हा बाधा झाली, तर ती हृदयात ठाण मांडते. आपल्याकडे ‘माधवनिदान’ हा आयुर्वेदाचा ग्रंथही आमवात या सांधेविकाराच्या लक्षणांत हृद्ग्रह, म्हणजे हृदय जखडणे, नोंदवतो. व्याधी सांध्यांतून हृदयाकडे जाते, हे निरीक्षण विलक्षण अचूक आहे. स्ट्रेप्टोकॉकस जंतूंनी घसा धरल्यावर, मुख्यतः ५ ते १५ वर्षांच्या मुलांत, प्रतिकारशक्ती कधीकधी स्वतःच्याच सांध्यांवर व झडपांवर उलटते. सांधे बरे होतात. झडपेवरचा व्रण राहतो आणि प्रत्येक नव्या बाधेने वाढू शकतो; हाच संधिवातजन्य हृदयरोग. म्हणूनच दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे द्यावे लागते. प्राचीनांना क्रम दिसला होता, जंतू दिसला नव्हता.

औषधे आणि मर्यादा

अनियमित नाडीसाठी चिनी वैद्य ज्येष्ठमधप्रधान काढा देतात, तर आयुर्वेद हृदयरोगात अर्जुनाची साल. आकसलेली झडप यांपैकी कशानेही उघडत नाही. त्यासाठी फुग्याने रुंदीकरण किंवा शस्त्रक्रियाच लागते. धातूची झडप बसवलेल्यांना रक्त पातळ ठेवणारे वॉरफेरिन आयुष्यभर घ्यावे लागते. ‘डानशेन’ ही चिनी मुळी त्याचा प्रभाव वाढवून रक्तस्राव घडवू शकते. बचनागवर्गीय ‘फूत्झू’ची शुद्धी अपुरी राहिली तर हृदयाची लय बिघडून मृत्यूही ओढवतो.

शाळांतील तपासणी

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून शाळा-अंगणवाड्यांत मुले तपासतात; संधिवातजन्य हृदयरोग त्यांच्या यादीत आहे. स्टेथोस्कोपने ऐकू आलेली हृदयाची मर्मर ही पहिली खूण. कोणती झडप किती बिघडली, हे नाडी किंवा जिभेवरून ठरत नाही, इकोकार्डिओग्राफीनेच ठरते.