चारच्या कॉफीला येणारी माशी

कुंभकोणमला एका तंजावरी मराठी कुटुंबाकडे मी चार दिवस उतरलो होतो. रोज दुपारी चारला ओट्यावर पितळी डबरा-टंबलरमधून कॉफी यायची. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, की कॉफीच्या आधी माश्या येतात. पावणेचारलाच दोन-तीन सातेरी मधमाश्या ओट्याच्या कडेला घिरट्या घालत, जिथे आदल्या दिवशी साखरेचा थेंब सांडलेला असे नेमक्या तिथे. चौथ्या दिवशी पाहुणे होते म्हणून कॉफी आत माजघरात दिली. मी मुद्दाम बाहेर डोकावलो. ओटा रिकामा, पुसलेला आणि माश्या हजर.

माझ्या या शोधाला शंभर वर्षं उशीर झाला होता. स्विस मेंदूतज्ज्ञ आणि मुंग्यांचे अभ्यासक ऑग्युस्त फोरेल यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हेच पाहिलं होतं. त्यांची न्याहारी बाहेर बागेत व्हायची आणि टेबलावरच्या मुरंब्याला मधमाश्या यायच्या. हवा बिघडली म्हणून न्याहारी घरात झाली, तरी माश्या वेळेवर मोकळ्या टेबलाशी आल्या. पुढे मधमाश्यांचे अभ्यासक कार्ल फॉन फ्रिश यांची विद्यार्थिनी इंगेबोर्ग बेलिंग हिने 1929 साली माश्यांना ठरावीक तासाला साखरपाणी देऊन हे रीतसर सिद्ध केलं. 1955 मध्ये माक्स रेनर यांनी पॅरिसमध्ये शिकवलेल्या माश्या विमानाने न्यू यॉर्कला नेल्या. तिथला सूर्य वेगळ्या वेळी उगवत होता, पण माश्या पॅरिसच्या घड्याळानेच बाहेर पडल्या. घड्याळ आत आहे हे ठरलं. ते मेंदूतलं कोणतं रसायन हलवतं, हा प्रश्न पुढची पन्नास वर्षं तसाच राहिला.

त्याच्या उत्तराचा एक धागा भलत्याच ठिकाणी मिळाला. 1954 साली जर्मनीत बुटेनांट आणि कार्लसन यांनी रेशीमकिड्यांचे 500 किलो कोश दळून-गाळून जेमतेम 25 मिलिग्रॅम स्फटिक हाती आणले. अर्धा टन कोशांतून चिमूटभरही नाही! हे एक्डायसोन, म्हणजे अळीला कात टाकायला लावणारं संप्रेरक. 1960 मध्ये क्लेव्हर आणि कार्लसन यांनी ते डासासारख्या एका माशीच्या अळ्यांना टोचलं, तर गुणसूत्रांवर ठरावीक जागी फुगवटे उठले. संप्रेरक थेट जनुकांना जागं करतं याचा इतका उघड पुरावा तोवर कुणी पाहिला नव्हता. पण बऱ्याच पाठ्यपुस्तकांनी या संप्रेरकाची गोष्ट तिथेच संपवली. अळीचा कोश झाला, कोशाचा कीटक झाला, एक्डायसोनचं काम झालं. आपण कॉलेजात हेच शिकलो.

मधमाशीच्या बाबतीत सगळ्यांचं लक्ष होतं दुसऱ्या संप्रेरकावर, ज्युव्हेनाइल हॉर्मोनवर. कामकरी माशी आयुष्याचे पहिले दोन-तीन आठवडे पोळ्यात दाईपण करते, मग मकरंद-पराग आणायला बाहेर पडते. हे संप्रेरक दाईत कमी आणि बाहेर जाणारीत जास्त असतं. अमेरिकेत जीन रॉबिन्सन यांनी 1980 च्या दशकात दाखवलं, की त्याचा कृत्रिम भाऊबंद दिला तर माशी वयाआधीच बाहेर पडते. उत्तर सापडलं असं वाटण्याचे ते दिवस. पण 2000 साली त्यांच्याच गटाने हे संप्रेरक बनवणारी ग्रंथी काढून टाकली, तरी माश्या बाहेर पडल्याच, फक्त उशिरा. म्हणजे ते वेग वाढवतं, पण दार उघडणारं तेच एक नव्हे. मला स्वतःला रॉबिन्सन यांचं हे दुसरं काम पहिल्याहून मोठं वाटतं. आपल्याच आवडत्या कल्पनेला कात्री लावायला जास्त धैर्य लागतं.

2003 मध्ये याच गटाने 60 माश्यांच्या मेंदूंमधली जनुकांची हालचाल तपासली आणि फक्त त्यावरून 57 माश्यांचा धंदा बरोबर ओळखला: ही दाई, ही बाहेरची. दरम्यान टोकियोत ताकेओ कुबो यांचा गट मेंदूतल्या अळंबीच्या आकाराच्या गाठींमध्ये शोधत होता. शिकणं आणि आठवणं तिथे चालतं. तिथे त्यांना एकामागून एक अशी जनुकं मिळाली, जी अळीच्या रूपांतरात एक्डायसोनच्या हुकमाने चालतात. कात टाकायची जुनी यंत्रणा मोठेपणी मेंदूत कामाला लागलेली होती. 2007 साली त्यांना आणखी एक जनुक सापडलं, माशी बाहेर हिंडून आली की चेतापेशींत जागं होणारं. त्याला त्यांनी नाव दिलं ‘काकुसेई’, जपानीत जाग येणं.

आता बेंगळुरू. राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात आक्सेल ब्रोकमान यांच्या प्रयोगशाळेत आसेम सुरिंद्रो सिंग आणि अरिदनी शाह यांनी काम केलं, ते 2018 मध्ये छापून आलं. साखरपाण्याच्या बशीवर फेऱ्या मारणाऱ्या माश्यांच्या मेंदूत ‘ईजीआर-1’ नावाचं जनुक चढलेलं असतं. उंदराच्या मेंदूतही नवं शिकताना हेच जनुक उठतं. त्याच्या जोडीला संप्रेरक-रिसेप्टर 38 आणि त्यांच्या मागोमाग खुद्द एक्डायसोनचा रिसेप्टर, म्हणजे त्याचा निरोप पेशीत घेणारं प्रथिन. शिवाय मेंदूत बक्षिसाशी जोडलेल्या डोपामाइन या रसायनाच्या व्यवस्थेतली काही जनुकं. म्हणजे कात टाकण्याची यंत्रणा आणि बक्षिसाची गोडी एकाच कामात गुंतलेली दिसली.

त्याच वर्षी शाह, रिकेश जैन आणि ब्रोकमान यांचा दुसरा प्रयोग आला. त्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो. माश्यांना फक्त सकाळी दोन तास बशी द्यायची, काहींना फक्त संध्याकाळी दोन तास, काहींना दोन्ही वेळा. नंतर एक दिवस बशी ठेवायचीच नाही, दिवसभर थोड्या थोड्या माश्या पकडून मेंदूतलं ईजीआर-1 मोजायचं. सकाळवाल्यांत ते सकाळी चढलं, संध्याकाळवाल्यांत संध्याकाळी. दोन वेळावाल्यांत दोनदा. साखर कुठेच नव्हती. मग शंका आली, की बशीच्या जागी नुसतं उडत जाण्यानेच तर हे होत नसेल? तेव्हा त्यांनी पोळ्यावर कृत्रिम पाऊस पाडला. पाऊस आहे म्हटल्यावर माशी बाहेर पडत नाही. माश्या पेटीत बसून राहिल्या आणि तरीही बशीची वेळ झाली, की मेंदूतलं ईजीआर-1 किंचित पण निश्चित वर गेलं. फोरेलना हवेने न्याहारीसाठी घरात घालवलं होतं. इथे पावसाने माश्यांना घरात बसवलं. आणि वेळ झाल्याची खूण थेट जनुकात दिसली.

2020 मध्ये सिंग आणि सहकाऱ्यांनी काकुसेईचंही रोजच्या फेऱ्यांशी नातं दाखवलं. ही साखळी संप्रेरकापासून आठवणीपर्यंत कडी-कडीने कशी जुळते, ते अजून पुरतं उलगडलेलं नाही. पण मधमाशीचा मेंदू दहा लाखांच्या आसपास चेतापेशींचा आणि तिळाएवढा आहे, हे ध्यानात घेतलं तर एवढं कळलं हेही कमी नाही.

तमिळनाडूत माझ्या यजमानांच्या ओट्यावरच्यासारख्या पितळी डबऱ्यांच्या जागी अनेक दुकानांत कागदी कप आले. तिथल्या संशोधकांनी 2011 च्या ‘करंट सायन्स’मध्ये एक मोजदाद छापली: पाच कॉफी-दुकानांबाहेरच्या फेकलेल्या कपांत 30 दिवसांत 25,211 मधमाश्या मेल्या. दुकानामागे दिवसाला 168. साखरेचा गाळ चाटायला माशी कपात शिरते आणि बाहेर येत नाही. बेंगळुरूचा प्रयोग वाचल्यापासून मला वाटतं, की ज्या वेळी दुकानात गर्दी होते, त्याच वेळेला या माश्यांचे मेंदूही जागे होत असतील. हा माझा तर्क, प्रयोग नव्हे.

पण कप तरी आपल्या हातात आहे. कॉफी संपवताना तळाची साखर ठेवू नका, आणि कप चुरगळून झाकणाच्या डब्यात टाका.