सर्पगंधा ते रेसर्पिन : उच्च रक्तदाबावरील औषधांच्या नैदानिक परीक्षणाचा एक अभ्यास

प्रस्तावना

उच्च रक्तदाब हा विकार बहुधा कोणतेही लक्षण दाखवीत नाही. रुग्णास वेदना नसतात, ताप नसतो, दैनंदिन कामातही अडथळा येत नाही. त्यामुळे दिलेले औषध गुणकारी ठरले किंवा नाही हे रुग्ण स्वतः सांगू शकत नाही. न्यूमोनियाच्या रुग्णाचा ताप उतरला की औषधाचा गुण त्याला आणि त्याच्या घरच्यांना कळतो. रक्तदाबाच्या रुग्णाच्या बाबतीत औषधाचा लाभ म्हणजे काही वर्षांनंतर न झालेला पक्षाघात होय. न घडलेली घटना कोणालाच दिसत नाही. ती केवळ दोन गटांच्या तुलनेतून, म्हणजे संख्येच्या साहाय्याने जाणता येते. नैदानिक औषधशास्त्र या ज्ञानशाखेची गरज येथे विशेष तीव्रतेने भासते. प्रस्तुत लेखात सर्पगंधा ही भारतीय वनस्पती आणि तिच्यापासून मिळालेले रेसर्पिन हे औषध यांच्या इतिहासाच्या आधारे या परीक्षणपद्धतीचे विवेचन केले आहे. या इतिहासाचा एक महत्त्वाचा टप्पा मुंबईत घडला, हेही या निवडीमागील एक कारण आहे.

मुंबईतील परीक्षण

सर्पगंधेचे मूळ निद्रानाश, उन्माद व सर्पदंश यांवर भारतात दीर्घकाळ वापरात होते. इ. स. १९३१ मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी या मुळाचा उन्माद व वाढलेला रक्तदाब या दोहोंवरील उपयोग वर्णन केला. त्याच वर्षी सलीमुज्जमान सिद्दीकी व रफत हुसेन सिद्दीकी यांनी मुळातून काही अल्कलॉइडे वेगळी केली व त्यांपैकी एकास हकीम अजमल खान यांच्या नावावरून अजमलिन असे नाव दिले. तथापि, भारताबाहेरील वैद्यकविश्वाने या कार्याची फारशी दखल घेतली नाही.

ही दखल घेणे भाग पाडले ते मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी. त्यांचा उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील अनुभव मांडणारा शोधनिबंध १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. या कार्याबद्दल त्यांना १९५७ मध्ये अमेरिकेतील लास्कर पुरस्कार मिळाला.

या निबंधाचे ऐतिहासिक मोल मान्य करूनही त्याची मर्यादा नमूद करणे आवश्यक आहे. त्यात चिठ्ठ्या टाकून निवडलेला व निष्क्रिय गोळी घेणारा तुलनागट नव्हता. याचा दोष डॉ. वकील यांना देणे अन्यायाचे होईल, कारण यादृच्छिक विभागणीचे आदर्श मानले जाणारे ब्रिटनमधील स्ट्रेप्टोमायसिनचे परीक्षण जेमतेम एक वर्ष आधी, १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले होते. तरीही तुलनागटाचा प्रश्न रक्तदाबाच्या बाबतीत केवळ तांत्रिक नाही. रक्तदाब दिवसभर बदलत असतो आणि ज्या दिवशी तो जास्त आढळतो त्याच दिवशी रुग्णाची परीक्षणासाठी निवड होते. पुढच्या मोजणीत तो काही अंशी आपोआपच खाली येतो. शिवाय, दवाखान्याची व डॉक्टरांची भीती सरावाने कमी होते, तसाही दाब उतरतो. खडूची गोळी दिली तरी अनेक रुग्णांच्या नोंदी सुधारलेल्या दिसतील. औषधाचा खरा परिणाम म्हणजे या आपोआप होणाऱ्या घटीच्या पलीकडील घट होय, आणि तुलनागटाशिवाय ती वेगळी काढता येत नाही.

रेसर्पिनचे कार्य

१९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील सिबा कंपनीच्या प्रयोगशाळेत म्युलर, श्लिटलर व बाइन यांनी सर्पगंधेतून रेसर्पिन वेगळे केले. मुळाच्या चूर्णातील अल्कलॉइडांचे प्रमाण झाडागणिक बदलते. शुद्ध द्रव्य हाती आल्यामुळे मात्रा मिलिग्रॅमच्या अंशात ठरविता येऊ लागली.

मज्जातंतूंच्या टोकाशी नॉरअॅड्रेनॅलिन हे द्रव्य सूक्ष्म पुटिकांत साठविलेले असते. त्याच्या स्रवण्याने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. रेसर्पिन हे या पुटिकांत द्रव्य भरणाऱ्या वाहक प्रथिनास घट्ट चिकटते व साठवण थांबविते. कोठार हळूहळू रिकामे होते आणि रक्तवाहिन्या शिथिल होतात. म्हणूनच या औषधाचा पूर्ण परिणाम दिसण्यास दोन-तीन आठवडे लागतात. उलट, औषध बंद केल्यावर ते रक्तातून नाहीसे झाले तरी नवी साठवण उभी राहीपर्यंत परिणाम टिकतो. औषधाची रक्तातील पातळी व त्याचा शरीरावरील परिणाम या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे शिकविण्यास याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल. घाई करून चौथ्या दिवशी मात्रा वाढविणारा डॉक्टर पुढे पंधरा दिवसांनी अडचणीत येतो.

मेंदूतही हीच साठवण रिकामी होत असल्यामुळे मरगळ व खिन्नता हे दुष्परिणाम संभवतात. नाक चोंदण्याची तक्रारही नेहमीची असते. दाब उतरल्यावर मूत्रपिंडे मीठ व पाणी राखून ठेवतात व औषधाचा प्रभाव कमी होतो. म्हणून सोबत लघवीवाटे मीठ काढून टाकणारे मूत्रल औषध देण्याची प्रथा पडली. भारतात ‘अॅडेल्फेन’ या नावाने मिळणारी संयुक्त गोळी मागील पिढीतील अनेक वाचकांना आठवत असेल.

दाब उतरला, पुढे काय?

१९६० च्या दशकापर्यंत एक मूलभूत प्रश्न अनुत्तरित होता. औषधाने पाऱ्याची उंची कमी होते हे सिद्ध झाले, परंतु रुग्णाचे आयुष्य वाढते काय? अरुंद झालेल्या वाहिन्यांतून रक्त पोहोचविण्यासाठी शरीरानेच दाब वाढविलेला असतो, तो उतरविणे अपायकारक ठरेल, असे मानणारे प्रतिष्ठित चिकित्सक होते.

अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी एडवर्ड फ्राइस यांच्या नेतृत्वाखाली या प्रश्नाचे उत्तर शोधले. परीक्षणात घेण्यापूर्वी प्रत्येकास रायबोफ्लेविन मिसळलेल्या निष्क्रिय गोळ्या देण्यात आल्या. या जीवनसत्त्वामुळे विशिष्ट प्रकाशात लघवी चमकते. त्यावरून कोण नियमाने गोळ्या घेतो हे कळले व बेभरवशाचे रुग्ण आधीच वगळले गेले. अशी युक्ती अभ्यासाची विश्वासार्हता वाढविते, पण तिची किंमतही आहे. निकाल नियमाने औषध घेणाऱ्यांना लागू होतो, आणि प्रत्यक्ष बाह्यरुग्ण विभागात तसे रुग्ण किती असतात हे प्रत्येक डॉक्टर जाणतो.

१९६७ मध्ये पहिला निकाल प्रसिद्ध झाला. प्रसरणकालीन दाब ११५ ते १२९ मिमी असलेल्या १४३ पुरुषांपैकी ७३ जणांना हायड्रोक्लोरोथायझाइड, रेसर्पिन व हायड्रॅलझिन ही औषधे, तर ७० जणांना निष्क्रिय गोळ्या मिळाल्या. निष्क्रिय गोळीच्या गटात २७ गंभीर घटना घडल्या व त्यांत चार मृत्यू होते. औषधांच्या गटात अशा दोनच घटना घडल्या व मृत्यू एकही झाला नाही. इतका मोठा फरक पाहिल्यावर तीव्र रक्तदाबाच्या रुग्णास निष्क्रिय गोळीवर ठेवणे नैतिकदृष्ट्या अशक्य झाले. १९७० च्या दुसऱ्या अहवालात दाब ९० ते ११४ मिमी असलेल्या ३८० पुरुषांचा समावेश होता. पाच वर्षांत गंभीर घटना घडण्याची अंदाजित शक्यता निष्क्रिय गटात ५५ टक्के, तर औषधगटात १८ टक्के आढळली. दोन्ही परीक्षणांत स्त्रिया नव्हत्या, ही त्रुटी मात्र तशीच राहिली. तसेच, तीन औषधे एकत्र दिल्यामुळे यशातील रेसर्पिनचा वाटा वेगळा सांगता येत नाही.

एका संशयाचा परिणाम

सप्टेंबर १९७४ मध्ये ‘लॅन्सेट’ मध्ये बोस्टन, ब्रिटन व फिनलंड येथील अभ्यास एकाच वेळी प्रसिद्ध झाले. सर्पगंधावर्गीय औषधे घेणाऱ्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण दुप्पट वा त्याहून अधिक असावे, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढील अनेक मानवी अभ्यासांत त्यास दुजोरा मिळाला नाही. चूक कोठे झाली असावी याचे विश्लेषण हॉर्विट्झ व फाइनस्टाइन यांनी १९८५ मध्ये केले. तुलनेसाठी निवडलेल्या स्त्रियांतून हृदयविकार व रक्तदाबाच्या रुग्णांना वगळल्यास त्या गटात रेसर्पिन घेणाऱ्या स्त्रिया साहजिकच कमी उरतात. मग कर्करोगाच्या रुग्णांत या औषधाचा वापर जास्त भासतो, जरी तो प्रत्यक्षात नेहमीइतकाच असला तरी. उंदरांवरील प्रयोगांत गाठी आढळल्या होत्या, त्यामुळे संशय पूर्णतः निराधार होता असे म्हणता येणार नाही. परंतु मानवी पुराव्याच्या दुरुस्तीला लागलेल्या अकरा वर्षांत औषधाची बाजारातील जागा बीटा-रोधकांनी व इतर नव्या औषधांनी घेतली होती. मालकीहक्क संपलेल्या, अत्यल्प किमतीच्या गोळीची बाजू मांडण्यात कोणत्याही कंपनीला स्वारस्य नव्हते, हे प्रस्तुत लेखकास या प्रकरणातील सर्वांत बोलके वास्तव वाटते.

खिन्नतेच्या आरोपाबाबतही मात्रेचा विचार झाला नाही. आरंभीच्या काळात अर्धा ते एक मिलिग्रॅम व त्याहून जास्त मात्रा सर्रास दिली जाई. याउलट १९९१ च्या ‘शेप’ परीक्षणात, जेथे ६० वर्षांवरील ४,७३६ व्यक्तींत क्लोरथॅलिडोन या मूत्रलावर आधारित उपचाराने पक्षाघात ३६ टक्क्यांनी घटला, तेथे अॅटेनोलॉल न चालणाऱ्यांना रेसर्पिन ०.०५ मिलिग्रॅमपासून दिले गेले. अल्प मात्रेवर स्वतंत्र पुरावा मात्र तुटपुंजा आहे. २०१६ च्या कॉक्रेन समीक्षेस चार परीक्षणांतील केवळ २३७ रुग्ण मिळाले. आकुंचनकालीन दाब सुमारे ८ मिमीने उतरल्याचे दिसले, पण त्यांतील बहुतेकांची मात्रा अर्धा मिलिग्रॅम वा त्याहून जास्त होती.

दाब उतरविणारी सर्व औषधे सारखी नसतात, हे ‘ऑलहॅट’ या ४२,४१८ रुग्णांच्या परीक्षणाने दाखविले. डॉक्साझोसिन गटात हृदय अपुरे पडण्याचे प्रमाण क्लोरथॅलिडोन गटाच्या सुमारे दुप्पट आढळल्याने तो गट २००० मध्ये थांबवावा लागला. २००२ च्या मुख्य निकालात स्वस्त क्लोरथॅलिडोन हे अॅम्लोडिपिन व लिसिनोप्रिल यांच्या तुलनेत मुख्य निकषावर कोठेही मागे पडले नाही. या परीक्षणातही दुसऱ्या टप्प्यातील पर्यायी औषधांत रेसर्पिन होते. २०१७ मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांत सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या उपचारपत्रकांत अॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन व क्लोरथॅलिडोन यांना स्थान मिळाले. मुंबईतून जगापुढे गेलेल्या सर्पगंधेचे द्रव्य त्यांत नाही.