विश्लेषण : गुदाशयाच्या कर्करोगात आधी ऑपरेशन की आधी रेडिएशन?

शौचावाटे रक्त पडले की मूळव्याध समजून मलम आणि चूर्णावर महिने काढले जातात. मग कर्करोगाचे निदान झाले की घरच्यांना घाई होते ती ऑपरेशनची. ‘आधी गाठ काढून टाका’ हा आग्रह समजण्यासारखा आहे, पण गुदाशयाच्या कर्करोगात तो अनेकदा महागात पडतो.

एमआरआयमध्ये काय पाहतात?

गुदाशय कमरेच्या हाडांच्या अरुंद पोकळीत असतो. त्याभोवती चरबीचा थर आणि त्याबाहेर पातळ पडदा. हा पडदा न फाडता चरबीसकट गुदाशय काढण्याची पद्धत ब्रिटिश सर्जन बिल हील्ड यांनी रुजवली आणि त्याच जागी आजार उलटण्याचे प्रमाण घटले. त्यामुळे एमआरआयमधला कळीचा प्रश्न असतो, गाठ या पडद्यापासून किती लांब? अंतर १ मिलिमीटर किंवा कमी असेल तर बहुधा आधी रेडिएशन व केमोथेरपी, नंतर ऑपरेशन. आतड्याबाहेरच्या शिरांत आजार शिरला असेल तर तो यकृत-फुप्फुसांत पोहोचण्याची भीती वाढते. गाठ गुदद्वाराच्या अगदी जवळ असेल तर पोटावर कायमची पिशवी लागू शकते. म्हणूनच दोघांची ‘तिसरी स्टेज’ असली तरी उपचार वेगळे असतात.

बायोप्सीचा दुसरा रिपोर्ट कोणता?

‘एमएमआर’ तपासणी. पेशीतील डीएनए-दुरुस्तीची यंत्रणा बिघडली आहे का, हे त्यात कळते. असे रुग्ण थोडेच, साधारण ५ ते १० टक्के. पण २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात अशा १२ रुग्णांना डोस्टारलिमॅब हे इम्युनोथेरपीचे औषध दिले गेले आणि बाराही जणांची गाठ दिसेनाशी झाली, तीही ऑपरेशन वा रेडिएशनशिवाय. औषध महागडे आहे. तपासणी मात्र बायोप्सीच्याच तुकड्यावर होते. उपचार सुरू होण्यापूर्वी ती झाली का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

ऑपरेशन टळू शकते?

काहींचे टळते. रेडिएशन-केमोनंतर गाठ पूर्ण विरघळली तर केवळ लक्ष ठेवण्याचा मार्ग ब्राझीलच्या डॉ. अँजेलिटा हाब्र-गामा यांनी दाखवला. मात्र सुमारे चौघांत एकाला गाठ पुन्हा येते, बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांत. त्यामुळे दर काही महिन्यांनी दुर्बिणीची तपासणी आणि एमआरआय चुकवता येत नाही. गावाहून तेवढ्या खेपा जमणार नसतील तर तेही डॉक्टरांना आधीच सांगावे. मग ऑपरेशनच सुरक्षित ठरू शकते.