चौथ्या ठोक्याला पाय कुठे जातो?

एका लयीत एक ते सोळा मोजा बरं. जमलं? आता पुन्हा मोजा, पण या वेळी पाचच आकड्यांना टाळी द्यायची: १, ४, ७, ११ आणि १३. बाकीचे आकडे मनातल्या मनात म्हणायचे. सोळा झाले की न थांबता परत एक. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत घोळ होईल, होऊ दे. एकदा का ते अंगात भिनलं, की टाळ्या आपोआप पडायला लागतील आणि मानही डोलायला लागेल.

तुम्ही आत्ता जे वाजवलंत, त्याला म्हणतात क्लावे. क्युबा नावाच्या बेटावरचा हा ठेका. आफ्रिकेतून गुलाम म्हणून जबरदस्तीने आणलेल्या माणसांनी आपल्या लयी सोबत आणल्या, स्पॅनिश लोकांची गिटार तिथे होतीच. दोन्हींच्या मिसळीतून तिथलं संगीत घडत गेलं. तबला शिकणाऱ्यांनी तर इथे कान टवकारायलाच हवेत. आपला तीनताल सोळा मात्रांचा, त्याच्या टाळ्या १, ५ आणि १३ वर. क्लावेची पहिली टाळी १ वर आणि शेवटची १३ वर! समुद्रापलीकडचे दोन ठेके, पण पहिली आणि शेवटची टाळी एकाच जागी.

क्लावे हे वाद्याचंही नाव आहे. कठीण लाकडाच्या दोन आखूड, गोल दांड्या, बस्स. एक दांडी मुठीत घट्ट धरायची नाही. हाताची वाटी करून तिच्यावर अलगद टेकवायची आणि दुसरीने टोला द्यायचा. घट्ट धरली तर लाकडाची थरथर लगेच विझते आणि आवाज बसतो. खालची वाटी मात्र आवाज घुमवते. मग जो ‘टक्’ निघतो तो ढोल आणि ट्रम्पेटच्या गर्दीतूनही सरळ कानावर येतो.

आता नाचाकडे. नाचणारे दोन छोट्या आकड्यांचा मिळून एक ठोका धरतात, म्हणजे सोळाचे झाले आठ. साल्सा नावाच्या नाचाची पावलं अशी: एक, दोन, तीन, … पाच, सहा, सात, … चार आणि आठ या ठोक्यांना नवं पाऊल नाही. तिथे शरीराचा भार निवांत पायावर उतरतो. पण गंमत ऐका. कोंगा नावाचा उंच ढोल नेमका याच चौथ्या आणि आठव्या ठोक्याला मोकळा बोलतो: टुम-टुम! पाय गप्प बसतात तेव्हा ढोलाला जागा मिळते.

न वाजलेला ठोका आपल्याला जाणवतो तरी कसा? २००९ मध्ये हंगेरी आणि नेदरलँड्समधल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांना त्यांनी ढोलाचा ठेका ऐकवला आणि मध्येच त्यातला मुख्य ठोका गाळला. बाळांच्या डोक्याला लावलेल्या तारांवर मेंदूतली खळबळ उमटली. इथे काहीतरी यायला हवं होतं, हे पाळण्यातल्या बाळालाही कळलं होतं!

डॉमिनिकन रिपब्लिकमधला मेरेंगे हा नाच मात्र अशी मोकळी जागा ठेवतच नाही. ठोका तिथे पाऊल, डावा-उजवा, डावा-उजवा. पहिल्यांदाच नाचणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी. त्यातलं ग्विरा हे वाद्य म्हणजे खरखरीत पत्र्याची नळी. काट्याने किसणी घासावी तसं ते वाजवतात.

त्याच देशातला बचाटा मात्र तीन पावलं टाकतो आणि चौथ्या ठोक्याला पाय जमिनीला नुसता टेकवतो. भार द्यायचा नाही. का? घरातल्या घरात करून बघा. डावा, उजवा, डावा. आता उजवा टेकवा, पण त्यावर उभे राहू नका. भार डाव्यावरच आहे ना? मग उजवा मोकळा, तोच आता उलट्या दिशेने निघू शकतो. तीन ही विषम संख्या आहे, म्हणून दर वेळी सुरुवातीचा पाय बदलतो. साल्सातही हेच गणित आहे. गिटारच्या साथीने गायला जाणारा हा बचाटा तिथल्या श्रीमंतांना कित्येक वर्षं हलका वाटायचा. २०१९ मध्ये मात्र युनेस्कोने त्याला मानवजातीच्या वारशाच्या यादीत मान दिला.

माझा सगळ्यात लाडका चा-चा-चा. १९५० च्या सुमारास हवानात एन्रिके होर्रिन नावाचे व्हायोलिनवादक आणि संगीतकार होते. तेव्हाच्या माम्बो नाचातले आडवेतिडवे ठोके पुष्कळ जणांच्या पायांना सापडायचे नाहीत. होर्रिननी ते नीट पाहिलं आणि सोप्या, सरळ चाली बांधल्या. लोक खूश होऊन नाचू लागले आणि चौथ्या ठोक्यापाशी झरझर तीन छोटी पावलं घासू लागले. बुटांचे तळवे फरशीवर वाजत: चा-चा-चा! नाचाला नाव मिळालं ते त्या आवाजाचंच. साल्सात जिथे पाय थांबतो, तिथे चा-चा-चात ही तीन पावलं बसवतात. दोन, तीन, चा-चा-चा.

या सगळ्यांहून अर्जेंटिनाचा टँगो वेगळा. त्यात अशी ठरलेली मोजणीच नाही. जोडी चालते, थबकते, पुन्हा चालते.

पण दोन माणसांचे पाय एकमेकांवर पडत कसे नाहीत? फुगडी आठवा. हात सैल सोडले तर फुगडी फिरत नाही, ताण ठेवला तरच फिरते. इथेही हातांत हलकासा ताण ठेवतात. एकाचा भार पुढे सरकला की दुसऱ्याच्या तळहाताला ते आधी कळतं, डोळ्यांना नंतर.

क्युबात साल्सा गोल रिंगण करूनही नाचतात. त्याला म्हणतात रुएदा, म्हणजे चाक. रिंगणातला एकजण ओरडतो, “दामे!” म्हणजे ‘मला दे’. हाक थोडी आधीच द्यावी लागते, ऐनवेळी दिली तर पाय ऐकत नाहीत. मग रिंगणातले सगळे जण एकाच ठोक्याला आपला जोडीदार सोडून शेजारच्या जोडीतला पकडतात. हात बदललेला असतो, समोरचा चेहरा बदललेला असतो आणि कोंगा टुम-टुम म्हणतो तेव्हा सगळ्यांचे पाय एकदमच थांबलेले असतात.