लांबच्या प्रवासाआधी आपली मोटारसायकल आपणच तपासा

सभासद शेतकरी बंधूंनो,

बैलगाडी परगावी न्यायची तर आपण आधी आसाला वंगण घालतो, बैलांचे खूर पाहतो. मोटारसायकलच्या बाबतीत मात्र गाडी धुतली, टाकी भरली की तयारी झाली असे समजतो. मीही तसेच समजत होतो.

2019 साली एका सभासदांना मागे बसवून मी मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटला निघालो. सासवड सोडून दिवे घाट उतरताना मागचा ब्रेक लागेना. पुढचा ब्रेक आणि खालचा गिअर यांवर गाडी कशीबशी आवरली, शेवटी डोंगराकडच्या चरात घालावी लागली. माझे खरचटण्यावर निभावले. मागच्या सभासदांचे मनगट मोडले आणि ऐन लागणीच्या दिवसांत त्यांना घरी बसावे लागले. नंतर पाहिले तर ब्रेकचे लायनर केव्हाच संपले होते. ते सांगणारी खूण गाडीवरच होती. मी कधी वाकून पाहिली नव्हती.

म्हणून लांब जायचे असेल तर दोन-तीन दिवस आधी तासभर काढावा. काही दोष निघाला तर दुरुस्तीला वेळ राहतो.

1) ब्रेक : ड्रम ब्रेकच्या बऱ्याच गाड्यांना, चाकाजवळ ब्रेकचा दांडा जोडलेला असतो तेथे एक लहान बाण आणि शेजारी झाकणावर खूण असते. घरातल्या कुणाला तरी ब्रेक पूर्ण दाबून धरायला सांगावे. बाण खुणेला भिडला तर लायनर संपले. मग नट आवळून भागत नाही, लायनर बदलावेच लागतात. डिस्क ब्रेक असेल तर तेलाची पातळी पाहावी. ती खाली गेली असेल तर मेस्त्रीला दाखवावे.

2) टायर : हवा गाडी थंड असताना तपासावी. मागे माणूस बसणार असेल तर मागच्या चाकात हवा जास्त लागते. आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. टायरच्या खाचांत मधून मधून बारीक उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आले की टायर संपला. बाभळीचा काटा रुतला आहे का, तेही पाहावे.

3) चेन : आपल्या गाड्या चिखलातून, पाचटातून आणि खताच्या पोत्यांखाली चालतात. खताने लोखंड गंजते, पाचट आसाला गुंडाळते. चेन रॉकेल किंवा डिझेलने ब्रशने साफ करून, पुसून तेल द्यावे. हे करताना इंजिन बंद ठेवून चाक हाताने फिरवावे. चालू इंजिनवर चेन पुसायला जाऊन बोटे गमावतात. खालच्या बाजूस मधोमध चेन वरखाली करून पाहावी. साधारण 20 ते 30 मिलिमीटर ढील बहुतेक लहान गाड्यांना चालते. नेमका आकडा पुस्तिकेत पाहावा. चेन ताणताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवाव्यात, नाहीतर चाक तिरके बसते. चेनला लॉक असेल तर त्याच्या क्लिपचे बंद तोंड चेन धावते त्या दिशेला हवे.

4) इंजिन ऑइल : गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर उभी करून काडीवर पातळी पाहावी. काडी पेचात फिरवून पाहायची की नुसती टेकवून, हे गाडीगणिक वेगळे असते.

5) दिवे आणि वायरी : पुढचा-मागचा दिवा, ब्रेकचा दिवा आणि हॉर्न पाहावा. क्लचच्या वायरीचा एक जरी तंतू तुटलेला दिसला तरी वायर बदलावी.

सोबत प्लगचा पाना, जादा प्लग, क्लचची वायर आणि टॉर्च ठेवावी. लायसन, विमा व पीयूसीचे कागद पाहून घ्यावेत. हेल्मेट दोघांनाही हवे. कायदाही तसाच आहे.

गाडी धुतल्यावर ड्रममध्ये पाणी राहते आणि ब्रेक धरत नाही. थोडे अंतर हळू चालवून, ब्रेक हलका दाबत तो वाळवावा. घाटात गाडी ज्या गिअरमध्ये चढते, त्याच गिअरमध्ये उतरवावी. नुसत्या ब्रेकवर उतरल्यास लायनर तापून ब्रेक सैल पडतो.

हा तासभर वाया जात नाही. मागे बसलेला माणूस आपल्या भरवशावर बसलेला असतो, एवढे ध्यानात ठेवावे ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी