दुसऱ्या आजाराच्या रूपात येणारे संकट : महाधमनीचे विदारण

३१ डिसेंबर २००५ रोजी अमेरिकेतील ह्यूस्टन येथे ख्यातनाम शल्यविशारद डॉ. मायकेल डीबेकी यांच्या छातीत अकस्मात तीव्र कळ उठली. हा हृदयविकाराचा झटका असावा, असेच त्यांना प्रथम वाटले. प्रत्यक्षात ते महाधमनीचे विदारण होते. विशेष म्हणजे याच व्याधीवरील शस्त्रक्रियेचा मार्ग १९५० च्या दशकात त्यांनीच घालून दिला होता. जिथे तज्ज्ञाचीही क्षणभर फसगत होते, तिथे सामान्यांची काय कथा!

हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या भिंतीला तीन पदर असतात. आतील पदर फाटला की रक्त वेगाने मधल्या पदरात शिरते आणि भिंत शिवण उसवावी तशी उसवत जाते. छातीत किंवा पाठीत फाडल्यासारखी वेदना हे तिचे परिचित लक्षण होय. मात्र उसवण ज्या शाखेपर्यंत पोहोचते, तेथील रक्तपुरवठा खुंटतो आणि आजार निराळेच रूप धारण करतो. मेंदूचा पुरवठा अडल्यास अर्धांगवायू, मज्जारज्जूचा अडल्यास दोन्ही पाय लुळे पडणे, आतड्यांचा अडल्यास असह्य पोटदुखी उद्भवते. कधी एखादा हात वा पाय थंड पडतो, कधी आवाज बसतो, तर कधी रुग्ण एकाएकी बेशुद्ध होतो. काही रुग्णांना तर वेदना मुळीच जाणवत नाही.

अचूक निदान येथे जीवनमरणाचा प्रश्न ठरते. हृदयविकार वा पक्षाघात समजून गुठळी विरघळवणारे औषध दिले गेल्यास रक्तस्राव वाढून प्राणावर बेतू शकते. क्षणार्धात परमावधीला पोहोचणारी किंवा जागा बदलणारी वेदना, दोन्ही हातांतील रक्तदाबात मोठी तफावत, एका बाजूची नाडी न लागणे या खुणा संशय जागवतात. शिरेतून रंगद्रव्य देऊन केलेला सी.टी. स्कॅन बहुधा निर्णायक ठरतो. हृदयालगतच्या भागातील विदारणास तातडीची शस्त्रक्रिया लागते. पुढील भागातील विदारणात बहुतेकदा औषधांनी रक्तदाब उतरवला जातो, गरजेनुसार धमनीत स्टेंट बसवला जातो.

अनियंत्रित उच्च रक्तदाब हे याचे प्रमुख कारण. मार्फान सिंड्रोमसारखा आनुवंशिक दोष असलेल्यांनाही धोका अधिक असतो. कुटुंबात कोणाची महाधमनी फुगली वा फाटली असल्यास ती माहिती डॉक्टरांना आवर्जून द्यावी. निदानाची दिशा त्यामुळे बदलू शकते.

डॉ. डीबेकी यांच्यावर २००६ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी शस्त्रक्रिया झाली. ते बरे होऊन पुन्हा कामावर रुजू झाले आणि २००८ पर्यंत जगले. वेळीच झालेले निदान हेच या आजारातील सर्वांत मोठे संचित होय.