लक्ष्मीची सात पावले

दिवाळी आली की उंबरठ्यापासून देवघरापर्यंत लक्ष्मीची पावले काढण्याची आपली रीत. ती किती काढावीत याचा हिशेब कोणी ठेवत नाही. संगणक मात्र ठेवतो. त्याच्या लेखी 'लक्ष्मी' या नावातच सात पावले आहेत. ती त्याने एकेक करून टाकली म्हणजे त्या नावाची काय दशा होते, हे ज्याला पाहायचे असेल त्याने एखादी हलती लग्नपत्रिका तयार होताना पाहावी.

घणसोली हे ठाणे-बेलापूर पट्ट्यातले आगरी-कोळ्यांचे जुने गाव. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, नवी मुंबई आखली गेली, आणि शेतीच्या जागी सेक्टर उभे राहिले. गाव मात्र आपल्या अरुंद गल्ल्यांसह मध्येच राहिले. अशाच एका गल्लीत माझा एक जुना विद्यार्थी हळदीची, लग्नाची आणि गणपतीची हलती निमंत्रणे तयार करतो. छापील पत्रिका हातात पडण्याआधी हे निमंत्रण मोबाइलवर येऊन नाचू लागते. संगणकाच्या दुखण्यासाठी त्याने मराठीच्या मास्तराला का बोलवावे, असे वाचकांना वाटेल. पण दुखणे अक्षरांचेच होते.

आधी यंत्राची थोडी ओळख करून घेऊ. या कामासाठी आफ्टर इफेक्ट्स नावाचे सॉफ्टवेअर जगभर वापरतात. १९९३ मध्ये अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यातल्या एका लहानशा कंपनीने ते काढले; पुढे ते ॲडोबी कंपनीकडे गेले. पडद्यावर एखादी वस्तू हलवायची तर कोणत्या क्षणी ती कोठे असावी हे हाताने नेमून द्यावे लागते. २००१ सालच्या पाचव्या आवृत्तीपासून दुसरी सोय झाली: हाताने खुणा करत बसण्याऐवजी एक ओळ लिहून द्यायची. 'विगल' हा शब्द लिहून पुढे कंसात पाच आणि तीस हे आकडे घातले, की ती वस्तू सेकंदाला पाचदा, तीस ठिपक्यांच्या अंतरात थरथरू लागते. अशा ओळीला एक्स्प्रेशन म्हणतात. पुष्कळ कामे एका दमात उरकणारी लांबलचक आज्ञावली म्हणजे स्क्रिप्ट. गंमत अशी की, इंग्रजीत लिपीलाही स्क्रिप्टच म्हणतात. आमच्या प्रकरणात दोन्ही स्क्रिप्टांचे भांडण लागले होते.

ओळ चुकली म्हणजे हे यंत्र रुसून बसत नाही. ते तेवढी ओळ बंद करते, पिवळा त्रिकोण दाखवते, आणि कितव्या ओळीत काय बिघडले तेही सांगते. नवशिका घाबरून ती सूचना न वाचताच मिटवतो. जाणता आधी ती वाचतो. निम्मा उपाय तेथेच असतो.

नेहमीच्या तक्रारी तीन. पहिली: 'उत्तर दोन परिमाणांचे हवे, एकाचे नको.' पडद्यावरची जागा सांगायला दोन आकडे लागतात, एक आडवा आणि एक उभा. घर कोठे म्हणून विचारल्यावर नुसता मजला सांगून कसे भागेल? गल्लीही सांगावी लागते.

दुसरी तक्रार: 'या नावाचा लेयर नाही.' लेयर समोर दिसत असतो, तरी यंत्र नाही म्हणते. नावात एखादी जास्तीची मोकळी जागा पडलेली असते. मराठीत आणखी एक चकवा आहे. 'वाऱ्यावर' मधला ऱ्य संगणकावर दोन निरनिराळ्या तऱ्हांनी लिहिता येतो, आणि त्यांतल्या एकीत न दिसणारी एक खूणही असते. डोळ्यांना दोन्ही सारखे. यंत्राला मात्र ती दोन वेगळी नावे. म्हणून नाव पुन्हा हाताने लिहू नये. पिक-व्हिप नावाची दोरी त्या लेयरपर्यंत ओढून न्यावी, म्हणजे यंत्र नाव स्वतःच उचलते.

तिसरी तक्रार अशी, की काल चालणारे काम नवी आवृत्ती घातल्यावर आज चालत नाही. २०१८ च्या अखेरीस आलेल्या आवृत्तीत ओळी वाचणारे आतले यंत्रच बदलले. 'अमुक असेल तर हे, नाहीतर ते' असे सैल लिहिलेले वाक्य जुने यंत्र समजून घेई. नवे महिरपी कंसांची शिस्त मागते. वाक्य नीट करावे, हे उत्तम. घाई असेल तर त्या प्रकल्पापुरते जुने यंत्र निवडण्याचीही सोय आहे.

या तिन्हींवर एकच पथ्य: एका वेळी एकच बदल करावा. संशयित ओळीच्या आधी दोन तिरप्या रेघा मारल्या की ती वाचली जात नाही. मग उरलेले चालते का ते पाहावे.

परंतु सर्वांत अवघड दुखणे ते, ज्यात यंत्र तक्रारच करत नाही. माझ्या विद्यार्थ्याने वधूचे नाव एकेक अक्षराने उमटावे अशी ओळ लिहिली होती. त्रिकोण नाही, सूचना नाही. आणि पडद्यावर उमटले ते असे: ल, लक, लक्, लक्ष, लक्ष्, लक्ष्म, लक्ष्मी. वधूचे मामा शेजारीच बसले होते. ते म्हणाले, "कशाला त्रास घेतोस बाळा, इंग्रजीत टाक नाव." रोमन लिपीत ते बिनबोभाट उमटले असते.

यंत्र खोटे बोलत नव्हते. संगणक 'लक्ष्मी' साठवतो ते ल, क, पाय मोडण्याची खूण, ष, पुन्हा पाय मोडण्याची खूण, म आणि दीर्घ वेलांटी, असे सात तुकडे करून. 'घणसोली' आपल्याला चार अक्षरी. त्याच्या लेखी सहा. 'दिवाळी'तला द आधी येतो, मग वेलांटी त्याच्या डाव्या बाजूला उडी मारून बसते. हा काही परकीयांचा कावा नव्हे. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली ठरवलेली इस्की ही पद्धत आणि युनिकोडमधल्या देवनागरीच्या १२८ जागा एकाच विचारावर उभ्या आहेत: जोडाक्षरे शेकडो होतात, म्हणून साठवावेत ते घटक, आणि जोडणी दाखवताना करावी. साठवणे घटकांचे, वाचणे अक्षरांचे. कापताना हा भेद विसरला की नाव फुटते.

उपाय मात्र आपल्या शाळेतलाच आहे. पुढे काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार किंवा पाय मोडण्याची खूण येत असेल तर तेथे कापू नये. मागे पाय मोडलेला असेल तरीही कापू नये. एवढा नियम ओळीत घालता येतो. तो जमत नसेल तर नाव लिहितानाच 'ल' आणि 'क्ष्मी' यांच्यामध्ये उभी रेघ घालावी, आणि यंत्राला रेघेपाशी तोडायला सांगावे. अक्षरे माणसाने पाडावीत, मोजणी यंत्राने करावी. तेही नको असेल तर अक्षरांऐवजी शब्द हलवावेत. आवृत्ती जुनी असून जोडाक्षर स्थिर असतानाही तुटत असेल, तर पसंतीच्या पानावर दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय आधी निवडावा.

काही जण जुन्या टंकांनी पळवाट काढतात. दिसते देवनागरी, पण पोटात रोमन अक्षरे भरलेली असतात. तो टंक दुसऱ्या संगणकावर नसला की वधूचे नाव निरर्थक खुणांचा ढीग होऊन बसते.

आम्ही उभ्या रेघेचा मार्ग घेतला. नाव दोन ठोक्यांत उमटले: ल, लक्ष्मी. मामांनी ते तीनदा पाहिले आणि इंग्रजीचे नाव काढले नाही.

भाषा मोठ्या सभांतून जाते-येते असे आपण समजतो. खरे पाहता ती अशाच लहान अडचणींपाशी मागे हटते: जोडाक्षर फुटले, वेळ नव्हता, रोमन चालून गेले. गावोगावच्या गल्ल्यांतून अशी पोरे रात्री जागून काम करत आहेत. वर्गात अक्षर म्हणजे काय आणि वर्ण म्हणजे काय हे आम्ही परीक्षेपुरते शिकवतो. ते थोडे नीट शिकवले, तर त्यांतली पुष्कळशी नावे मराठीतच उमटतील.